पिंपातला द्रीक आणि कॅनडाची बहीण

आमच्या हूखफेन गावच्या इतिहास मंडळानं 'गावाची मानाची माणसं' नावाचं एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यात द्रीकला दिल्या साडेतीन ओळी. जन्मसाल, धंदा गाईंचे खूर तासण्याचा, कार्निव्हलमध्ये पिंपातला वक्ता, प्रांताचा चषक दोनदा. संपलं. शेजारच्याच पानावर आमचा जुना नोटरी फोटोसकट ऐसपैस पसरलाय, आणि या माणसानं उभ्या आयुष्यात गावाला हसवलं ते एकदाच, बर्फावरून घसरून पडला तेव्हा.

मी ते पुस्तक काउंटरवर आपटलं. कॅफे या नेलचा आहे, काउंटर माझा आहे, आपटायला कुणाची परवानगी लागत नाही. द्रीक नेहमीच्या खिडकीशी बसला होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, सगळी पानं हळूहळू उलटली आणि मंडळाच्या हेडविगबाईंना विचारलं, "यात ग्रार्ड कुठंय?"

"ग्रार्ड?" बाई म्हणाल्या. "ग्रार्डनं काय केलंय?"

"तो समोर बसायचा."

बाई मोठ्यानं हसल्या. द्रीक बोलला म्हणजे विनोदच, अशी बाहेरून आलेल्यांची समजूत असते. बाईंना गावात येऊन वीसच वर्षं झालीत. तो विनोद नव्हता. म्हणून म्हटलं, पुस्तकात नाही तर नाही, आपणच सांगून टाकावं.

द्रीक जन्मला दलदलीच्या कडेच्या शेवटच्या घरात, एवढ्या भावंडांमध्ये की जेवायला बसल्यावर त्याची बोलायची पाळी येईपर्यंत बटाटे संपलेले असायचे. त्यामुळे त्याला न बोलायची सवय लागली ती लागलीच. पुढं धंदाही असा मिळाला की तोंड उघडायला नको. गाईचा पाय वर बांधायचा, वाकायचं आणि खूर तासत राहायचं. शेतकरी मागे उभा राहून त्याच्या पाठीशी बोलतो. माणूस तोंडाकडे बघून जे सांगणार नाही ते पाठीकडे बघून बिनदिक्कत सांगतो. कुणाची सून रुसली, कुणी लपवून डुक्कर विकलं, कुणाचं पोटाचं ऑपरेशन झालं, सगळं त्या पाठीत जमा व्हायचं. त्याची बायको टोस म्हणते, "घरात मी बोलते, गोठ्यात शेतकरी बोलतात. हा बोलतो फक्त पिंपात."

पिंपात तो गेला तोही अपघातानं. आमच्याकडे कार्निव्हलच्या आधी एक संध्याकाळ असते. कॅफेमागच्या हॉलमध्ये सगळं गाव निळे सदरे आणि लाल रुमाल घालून बसतं, मंचावर पिसांच्या टोप्या घातलेले कार्निव्हल मंडळाचे अकरा शहाणे बसतात, आणि मध्ये बिअरच्या मोठ्या पिंपात उभा राहून दरवर्षी नवं सोंग घेतलेला एक माणूस गावाची सालटी काढतो. पिंप आमच्याच तळघरातलं. त्या वर्षी त्याची एक फळी निखळली होती. द्रीक हातानं कुशल, म्हणून माझ्या वडिलांनी त्याला दुरुस्तीला बोलावलं. फळी बसवली आणि तळ वजन पेलतो का बघायला तो आत उतरला. हॉलमध्ये मी एकटी ग्लास पुसत होते. आणि हा, ज्याच्या तोंडून 'एक बिअर' यापलीकडे मी कधी काही ऐकलं नव्हतं, छातीपर्यंत त्या पिंपात उभा राहून बोलायला लागला. आमच्या पाद्रीबाबांची चाल, डॉक्टरांच्या बायकोचं खोकणं, माझ्या वडिलांचं फेस जास्त नि बिअर कमी ओतणं. माझ्या हातून ग्लास पडला. वडील धावत आले, त्यांनी स्वतःची नक्कल शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "या वर्षी हाच."

बाहेर आला की पुन्हा मुका. त्याला एकदा विचारलं तर म्हणाला, "आत असलो की पाय लटपटताना दिसत नाहीत."

पिंपाचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, पण लहान पोरालाही ठाऊक आहेत. अकरा नोव्हेंबरला पिंप तळघरातून वर येतं आणि कार्निव्हल संपून उपासाचे दिवस सुरू करणारा राखेचा बुधवार उजाडला की खाली जातं. त्या मधल्या काळात बोललेलं मनावर घ्यायचं नाही. वक्त्यानं स्वतः हसायचं नाही. कुणाचं घर मोडेल असं गुपित फोडायचं नाही. आणि नाव मात्र घ्यायचं, ज्याचं त्याचं, खरं नाव. कारण त्या संध्याकाळी लोक येतात ते आपलं नाव ऐकायला. बेकरीवाल्याची बायको त्यासाठी नवा ड्रेस शिवून घेते, आणि तिचं नाव आलं की "अगं बाई, मला मेलीला कशाला!" म्हणत चारी बाजूंना बघून घेते. ज्याचं नाव दोन वर्षं आलं नाही तो घरी जाताना बायकोला विचारतो, "मी काही चुकलो का गं?"

आणि पहिला विनोद ग्रार्डचा. कायम. सगळं गाव त्याची वाट बघत बसायचं.

ग्रार्ड म्हणजे द्रीकचा शाळेतल्या बाकावरचा सोबती. मोठा गोठा, चांगल्या गाई, आणि कवडीचुंबक असा की विचारू नका. द्रीक पिंपात शिरायचा, टोपी सारखी करायचा आणि तोंडावरची माशी न हलवता सुरू करायचा: "आमच्या ग्रार्डनं सायकलला अजून दिवा बसवलेला नाही. रात्री नेलच्या कॅफेतून निघताना तो दारात थांबतो. कुणीतरी दिवा लावून निघतो, की हा त्याच्या उजेडात मागेमाग. परवा असाच पाद्रीबाबांच्या मागे लागला. सकाळी वेदीपाशी जागा झाला."

हॉल कोसळायचा. ग्रार्ड पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून, दगडासारखा. तो कधी हसला नाही. फक्त त्याचे कान लाल व्हायला लागायचे, आधी पाळ्या, मग वरपर्यंत. त्याच्या शेजारी त्याची बायको मीन हसून हसून रडायची आणि हातातली पर्स त्याच्या खांद्यावर बडवायची. "ऐक, ऐक! खरं आहे की नाही?" लोक निम्मे द्रीककडे बघायचे, निम्मे ग्रार्डच्या कानांकडे.

आता मीनचं सांगायला हवं. मीनची बहीण महायुद्धानंतर कॅनडाला गेलेली. मीनच्या घरात नवे पडदे लागले की ती म्हणायची, "कॅनडाहून आले." नवा कोट? कॅनडाचा. स्वयंपाकघरातलं घड्याळ, लोकरीचं पांघरूण, शिवणाचं मशीन, सगळं त्या बहिणीनं धाडलेलं. आमच्या पोस्टमननं मात्र हूखफेनमध्ये कॅनडाहून वर्षाला एका नाताळकार्डाखेरीज काही आणलं नव्हतं. कोट कुठल्या दुकानातला हे आम्हा बायकांना अस्तरावरून कळायचं. सगळं गाव जाणून होतं की मीन नवऱ्याची नजर चुकवून कॉफीच्या डब्यातले पैसे काढते. पण ग्रार्डपर्यंत ते कुणी पोचू दिलं नाही. द्रीकनंही पिंपातून कधी कॅनडाचा क उच्चारला नाही. घर मोडेल असं फोडायचं नाही.

एका शरद ऋतूत मीन गेली. कपडे वाळत घालताना पडली ती उठलीच नाही. शवपेटीला द्रीकनं खांदा दिला. नंतर माझ्याकडे कॉफी आणि हॅमचे पाव झाले. ग्रार्ड कोपऱ्यात बसून लोकांचे हात हातात घेत राहिला. त्याच महिन्यात पिंप वर आलं.

त्या वर्षी द्रीकनं ग्रार्डला वगळलं. कुणालाही वाटावं तसं त्यालाही वाटलं. माणसाच्या घरात दुःख आहे, त्याला भर हॉलमध्ये कसं टोचायचं? टोस म्हणाली वगळ, पाद्रीबाबा म्हणाले वगळ. आणि ग्रार्ड येईल असं तरी कुणाला वाटलं होतं?

तो आला. रविवारचा कोट, दाढी गुळगुळीत. पहिल्या रांगेत आपल्या जागेवर बसला, शेजारची खुर्ची रिकामी ठेवली आणि हाताची घडी घातली. द्रीक बंबवाला बनून आला होता. त्यानं टोपी सारखी केली, आणि पहिला विनोद निघाला तो खाटकाचा. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मग डॉक्टर झाले, बेकरीवालीण झाली, मी झाले, पाद्रीबाबांचा कुत्रासुद्धा झाला. ग्रार्ड बसून राहिला. त्याचे कान पांढरेच. बँडनं शेवटचा सूर धरला आणि तो टोपी घेऊन उठला, सरळ बाहेर.

राखेच्या बुधवारी गाव माझ्याकडे हेरिंग खायला येतं. ग्रार्ड आला, मासा शेपटीला धरून खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाला, "नेल, कुत्र्याचं नाव आलं."

"अरे, तो तुझ्या दुःखाचा मान राखत होता."

"कुत्र्याचं आलं! पाद्र्याच्या लंगड्या कुत्र्याचं! मी तिथं बसलो होतो. मीनबरोबर मलाही पुरलंत का तुम्ही? आणि तिचं नाव तरी कोण घेतं? माझ्यासमोर आलात की तिचं नाव गिळता सगळे. ती काय गुन्हा करून गेली? तुझ्या त्या मित्राला सांग, माझ्या गाईंना हात लावायचा नाही."

खरंच त्यानं पलीकडच्या गावातला कुणी खूर तासणारा आणला. द्रीकच्या तोंडचं पाणी पळालं. पैशाचं नाही हो, त्याला गाई पुष्कळ होत्या. पण त्याला दोस्त एकच होता. तो माझ्या खिडकीशी बसून बिअरमध्ये बघत राहायचा, फेस मरून जायचा.

"जा ना त्याच्याकडे," मी म्हटलं. "माफी माग, मोकळा हो."

टोसनं सफरचंदाचा केक करून दिला. द्रीक तो घेऊन ग्रार्डच्या दारात उभा राहिला. ग्रार्डनं दार उघडलं, केककडे बघितलं.

"आता आणखी कोण मेलं?"

द्रीकनं केक नुसता पुढं केला.

"बोल की! एवढा दोनशे माणसांसमोर बोलतोस!"

द्रीक काय बोलणार? पिंप कुठं होतं तिथं? ओठ हलले असतील-नसतील. दार लागलं. तो केक घेऊन माझ्याकडे परत आला आणि टोसला बोलावून आम्ही तिघांनी तो खाल्ला, चव कुणाला लागली असेल तर शपथ.

असं ते वर्ष गेलं. द्रीक सायकलवरून ग्रार्डच्या कुरणाकडून जायचा तेव्हा गाई बघायचा. उन्हाळा संपेपर्यंत त्यातल्या बऱ्याच पाय आखडून चालायला लागल्या होत्या. "डाव्या मागच्या पायाचा खूर उलटा कापलाय त्या गाढवानं," तो मला सांगायचा आणि डोळे पुसायचा. गाईंसाठी रडणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. अर्थात गाईंसाठी नव्हतंच ते.

अकरा नोव्हेंबरला पिंप वर आणलं. चार दिवसांनी दुपारी द्रीक आला, म्हणाला, "नेल, दार लाव," आणि पिंपात चढला. पहिल्यांदा ऐकलेलं तसंच, तो आत आणि मी ग्लास पुसत बाहेर. त्यानं मला सगळं भाषण म्हणून दाखवलं. मध्यावर आल्यावर मी हातातलं फडकं त्याला फेकून मारलं.

"कॅनडा? डोकं फिरलंय का तुझं? त्याला ठाऊक नसेल तर? मेलेली बायको खोटारडी ठरेल त्याच्यासमोर! अख्ख्या गावासमोर!"

"तो म्हणाला ना, तिचं नाव कुणी घेत नाही."

"मग घे की! चर्चमध्ये मेणबत्ती लाव!"

"मला तिचं नाव घ्यायला एवढीच जागा आहे," तो म्हणाला आणि पिंपाच्या कडेवर हात ठेवला. "चुकलं, तर त्याचं तोंड मला पुन्हा दिसायचं नाही. मग मी हे पिंपही सोडलं. तू त्याच्या फळ्या शेकोटीत घाल."

मी फडकं उचलून घेतलं. ग्रार्डला आणायचं काम मात्र मी केलं. निरोप धाडला, की तू नाही आलास तर लोक म्हणतील ग्रार्डला तिकीट परवडलं नाही.

आला. पण पहिल्या रांगेत नाही. पार मागे, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभा राहिला, टोपी डोक्यावरच. "बिअर प्यायला आलोय," म्हणाला. पुढच्या त्याच्या दोन खुर्च्या कुणी घेतल्या नाहीत. एवढी गर्दी, लोक भिंतीला टेकून उभे, पण त्या खुर्च्या तशाच.

बँड थांबला, पडद्याआडून द्रीक आला आणि हॉलचा श्वास अडकला. बंबवाला नाही, नवरी नाही, सेनापती नाही. तीच टोपी, तीच गवताच्या सुतळीनं बांधलेली पँट, तीच हाताची घडी. तो ग्रार्ड बनून आला होता. पिंपात चढला आणि कितीतरी वेळ नुसता मागच्या दाराकडे बघत उभा राहिला.

"नमस्कार," तो ग्रार्डच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मला ओळखलंत? गेल्या वर्षी मी इथं पहिल्या रांगेत बसलो होतो. या गावात कुत्र्याला ओळखतात, मला नाही."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

"त्या पिंपवाल्या द्रीकशी मी बोलत नाही. गधडा आहे. माझ्या घरी केक घेऊन आला आणि एक शब्द न बोलता तोच केक परत घेऊन गेला. आणि चिक्कू म्हणे मी!"

आता हॉल फुटला. मी मागे बघितलं. टोपीखाली काही दिसेना. मग द्रीकनं हात वर केला, लोक शांत झाले.

"माझी मीन," तो म्हणाला.

दोनशे माणसं, पण फक्त बिअरच्या नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. टोसनं माझा दंड पकडला होता.

"माझ्या मीनची एक बहीण आहे कॅनडाला. देवमाणूस. चाळीस वर्षं आम्हाला पडदे धाडले, कोट धाडले, शिवणाचं मशीन धाडलं. एवढं मोठं मशीन पोस्टमननं सायकलवरून कसं आणलं, मी कधी विचारलं नाही. पण मीन गेली आणि तेव्हापासून..." इथं द्रीकचा आवाज चिरकला, पण तो बोलत राहिला, "तेव्हापासून त्या बहिणीनं एक हातरुमालसुद्धा धाडला नाही."

कुणी हसलं नाही. हसावं की रडावं कुणाला कळेना. बँडमधल्या ढोलवाल्यानं काठी उचलली आणि तशीच धरून ठेवली. माझ्या मनात आलं, मेला, आता सगळं संपलं. या वेड्यानं सगळं घालवलं.

मागून आवाज आला. "अरे मूर्खा!"

सगळ्या माना वळल्या. ग्रार्डनं टोपी काढली होती.

"कॅनडाहून काही येत नव्हतं, मूर्खा! पहिल्या पडद्यापासून ठाऊक होतं मला. कॉफीच्या डब्यात पैसे कोण ठेवायचं, तुझा आजा?"

त्यानं टोपी दोन्ही हातांत धरली.

"हातात दिले असते तर तिनं घेतले असते होय?" ग्रार्ड म्हणाला. आता तो ओरडत नव्हता. "म्हणाली असती, वासराला ठेवा, छपराला ठेवा. स्वतःला एक मोजा घेतला नसता तिनं. म्हणून डब्यात विसरायचो. ती गुपचूप काढायची, शहरात जायची आणि घरी येऊन कॅनडाचं सांगायची. काय खूश असायची! मी म्हणायचो, तुझी बहीण फार चांगली आहे बुवा."

पिंपात द्रीक दिसेनासा झाला. खाली बसला होता. कडेवरून टोपीचं टोक तेवढं वर, आणि ते हलत होतं. कधी न हसणारा वक्ता पिंपाच्या तळाशी बसून रडत होता, हे सगळ्या गावानं ऐकलं. मीही रडत होते, लपवायचं काय त्यात.

ग्रार्ड माणसांतून वाट काढत पुढं आला. पिंपापाशी थांबला, आत वाकला.

"हे बाहेर कुठं बोलायचं नाही," तो म्हणाला. दोनशे माणसांसमोर. "आणि सोमवारी ये. त्या माणसानं माझ्या गाईंची वाट लावलीय. केक आणू नकोस, सुरी आण."

मग तो आपल्या जागेवर जाऊन बसला. शेजारची रिकामी खुर्ची त्यानं हातानं जरा जवळ ओढून घेतली आणि हाताची घडी घातली. द्रीक पिंपाची कड धरून हळूहळू उभा राहिला.

"हं," ग्रार्ड म्हणाला. "पुढं बोल. मीनचं अजून सांग."

द्रीकनं बाहीनं नाक पुसलं आणि टोपी सारखी केली. पहिलं वाक्य अजून पुरं झालं नव्हतं, तोवर ग्रार्डचे कान लाल व्हायला लागले होते.